एक अख्खी बाजू

सकाळी उठलं की घरातलं पहिलं काम म्हणजे तांबे उतरवणं. भूकंप होऊन गेल्यावर लातुरात घरोघरी ही रीत पडली होती. परातीत रिकामी बाटली तोंडावर उभी करायची, तिच्या बुडावर पितळेचा तांब्या ठेवायचा आणि मग माणसांनी अंग टाकायचं. भुई जराशी हलली की तांब्या परातीत आदळायचा आणि सगळं घर अंगणात पळायचं. आमच्या घरात असे पाच तांबे होते. एक स्वयंपाकघरात, एक पुढच्या दुकानात, एक अंगणात मुमानीच्या, म्हणजे मामीच्या, बाजेजवळ, आणि दोन वर, भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या खोल्यांत. खालचे तीन उजाडताच उतरायचे, कारण पाणी प्यायलाही तांबे लागतच. वरचे दोन मात्र दिवसाही उभे असत. मी उतरवताना तांब्या दोन्ही हातांनी धरायचो, आपल्याच हातून पडला तर सगळी आळी रस्त्यावर येईल या भीतीनं. आज वय झालं, सुरतेत मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर राहतो, तरी सुनेच्या हातून भांडं पडलं की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. सून हसते. मीही हसतो.

घर मेहबूबमामूंचं. ते माझ्या आईचे लांबचे भाऊ. नववीत माझी शाळा सुटली ती का, हे सांगत बसत नाही. एवढंच की देगलूरहून पत्र्याची पेटी घेऊन निघालो, उदगीरला गाडी बदलली आणि लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मला एकही माणूस ओळखत नव्हता आणि मामूंनी मला कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली, सायकलला बांधली आणि म्हणाले, "भूक लगी होगी." पुढे कितीतरी वर्षं त्या घरात मला 'किती दिवस राहणार' हे कुणी विचारलं नाही. न विचारण्याचंच मला जास्त दडपण असायचं. रात्री मी अंथरुणाच्या अगदी कडेला झोपे, जागा कमी लागावी म्हणून.

मामू रेडिओ-टेप दुरुस्त करत. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. सकाळी डाळ मिलचे भोंगे झाले की मुमानीच्या चुलीवर खिचडी आणि खट्टा चढे. तीळ-शेंगदाणे भाजून, चिंचेच्या कोळात घोटलेला तो खट्टा वरच्या पोरांना इतका आवडे की जिन्यावरून वाट्या खाली येत. पोरं क्लासची. त्या काळात लातुरात जिकडंतिकडं क्लासचे बोर्ड लागत होते. भूकंपानंतर निम्मी पोरं गावी पळाली होती, पण बारावीची परीक्षा जवळ आली तशी परत आली, आणखी दुप्पट घेऊन आली. सर टेबलावर खडू उभा करून शिकवतात, असं ती पोरं सांगत. फळ्याकडे कुणाचंच लक्ष नसे, सगळे खडूकडे पाहत. मधूनच दुपारच्या वेळी भुईच्या पोटातून लांबचा ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा. ट्रक कधी दिसायचा नाही. बोलणारी माणसं अर्ध्या वाक्यात थांबायची, वरच्या तांब्यांकडे कान लावायची, आणि मग वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही.

वरच्या खोल्या मामूंनी नंतर चढवलेल्या, विटांच्या. पण कोपऱ्यातल्या खोलीची मागची भिंत त्या जागेवरच्या जुन्या घराचीच ठेवली होती. दगडाची, नुसत्या मातीत रचलेली, वर माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. मोठ्या भूकंपात तिला वरपासून मधपर्यंत चीर गेली होती. मामूंनी त्या चिरेवर कागदाची पट्टी खळीनं चिकटवली होती. भिंत सरकली तर पट्टी फाटेल, म्हणजे कळेल. रोज पहाटे फजरची नमाज झाली की ते वर जायचे, पट्टीवरून बोट फिरवायचे आणि खाली येऊन मुमानीला सांगायचे, "साबूत है." परीक्षा झाल्या, पोरं गेली की भिंत उतरवायची असं त्यांनी गवंड्याशी बोलूनही ठेवलं होतं.

त्या खोलीत माधव राहायचा. शिरूर अनंतपाळकडचा, घरची शेती, माझ्याहून एखाद्या वर्षानं मोठा. माझी त्याची ओळख झाली ती तुटलेल्या फितीवरून. एके दिवशी कॅसेट मुठीत धरून तो दुकानात आला. मामू जेवायला गेले होते.

"जोडता येतंय का तुला?"

"येतंय की."

"नीट बघून जोड, लेका. ह्याच्यात माझ्या बापाचा मृदंग हाय. एक थाप जरी गेली तर मला कळंल."

मी चिकटपट्टी लावून फीत जोडली. त्यानं तिथंच उभं राहून ऐकली, आणि जोड आला तेव्हा डोळे मिटून मान हलवली. "गेली. अर्दी थाप गेली. पर ठीक हाय." तेव्हापासून तो संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागला. मी त्याचा टेप साफ करून द्यायचो, तो मला त्याच्या पुस्तकातली चित्रं दाखवायचा. शाळा सुटलेल्या पोराला कुणी पुस्तक उघडून दाखवतं, याचं अप्रूप तुम्हाला सांगून कळणार नाही.

आता निळ्या कॅसेटकडे येतो. मामूंचा नांदेडचा भाचा आखातात होता. ईदला आला तेव्हा ती कॅसेट दुकानात विसरून गेला. वर माणसाचं चित्र नव्हतं, नुसत्या निळ्या रेघा. आतलं इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं. पण वाद्यं एकही ओळखीचं नाही. सगळं विजेवरचं. पाण्याचे थेंब पत्र्यावर पडावेत तसे सूर, त्याखाली यंत्राचा ठोका, आणि लांब बोगद्यातून बोलावं तसा एका माणसाचा थंड आवाज. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं टेपच बिघडला. दुसऱ्यांदा ऐकली आणि दिवसभर तेच कानात. त्या दिवसांत मला प्रत्येक आवाजाची भीती वाटायची. दार आपटलं, बैलगाडी गेली, कुत्रं रडलं, की हातातला सोल्डरिंगचा पेन मी खाली ठेवायचो. आणि हा ठोका मात्र कधी चुकत नव्हता, दमत नव्हता, घाबरत नव्हता. त्या सगळ्या लातुरात न हलणारी अशी एकच वस्तू मला सापडली होती. तीच मला माधवला द्यायची होती. कारण तोही झोपत नसे. त्याची मावशी औशाकडं दिलेली. भूकंपात घरासकट गेली होती, लेकरांसकट.

त्याला पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा त्यानं अर्ध्यातच कानावर हात ठेवला.

"आबे, हे गाणं हाय का डाळ मिल? उद्या तू मला पिठाच्या चक्कीची कॅसेट देशील."

"थोडं ऐक तर. पुढं लई भारी होतंय."

"सम कुठं हाय ह्याला? अन् वाजवणाऱ्याला घामच येत न्हाई, तर ऐकणाऱ्याला काय येणार?"

"तुमच्या भजनात तरी काय, सगळे एकदम ओरडून राहिलेत."

"ओरडून राहिलेत? रश्या, तू माझ्या बापाला ओरडणारा म्हणून राहिला का?" असं म्हणून तो खरंच चिडला, आणि मग त्यानंच तोड काढली. मी त्याच्या गावच्या भजनाची एक अख्खी बाजू ऐकायची. मधे बोलायचं नाही, मधे उठायचं नाही. मग तो माझ्या निळ्या कॅसेटची एक अख्खी बाजू ऐकेल. अट तीच.

मी ऐकली. दुकानाच्या मागं, पोत्यावर बसून. भजन सप्त्यात कुणीतरी हातात टेप धरून भरलेलं होतं. मधे पोर रडतं, कुणी खोकतो, म्हैस हंबरते. मी तीनदा उठायला गेलो, तीनदा त्यानं माझं मनगट धरलं. "बाजू संपली न्हाई." शेवटी शेवटी त्याच्या वडिलांचा मृदंग एकटाच राहिला तेव्हा मला थोडंसं काही झालं, पण ते मी कबूल केलं नाही. नुसतं म्हणालो, "ठीक हाय." आता त्याची पाळी होती.

दुकानातल्या लहान स्पीकरवर ते संगीत ऐकवण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी मडकं केलं. जुना मोठा स्पीकर पाण्याच्या रांजणाच्या तोंडावर बसवायचा, ही त्या काळात सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती. खालचा आवाज त्यातून असा घुमतो की पोटात जाणवतो. कुंभारवाड्यातून चांगला जाड रांजण आणला, काठाला रबर लावलं, आणि एका दुपारी दुकानात चालू करून पाहिलं. तिसऱ्याच ठोक्याला वर परातीचा खणखणाट झाला. मुमानी पिठाचे हात घेऊन अंगणात. वरून पोरं धडाधड खाली. एकजण अंघोळ अर्धी टाकून साबणासकट आला, आणि शेजारची म्हातारी देवाचं नाव घेत रस्त्यावर बसली. मी टेप बंद केला तेव्हा सगळ्यांना कळलं. पोरं हसून लोळली. मुमानी हसली नाही. "क्या रे रशीद, जान लेता क्या हमारी?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन बराच वेळ पाणी पीत राहिली. मामूंनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. "मटका दुकानातच राहील," ते मराठीत म्हणाले. महत्त्वाचं ते माझ्याशी मराठीत बोलत. "वर न्यायचं नाही. खोटा तांब्या एकदा पडला की खऱ्याला कोण धावणार?"

मी हो म्हणालो. त्यांना नाही म्हणण्याची माझी ऐपत नव्हती.

पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली. माधव म्हणाला, आता जे ऐकवायचं ते या शुक्रवारी, नंतर मला येळ न्हाई. शुक्रवारी दुपारी मामू जुम्म्याच्या नमाजला गेले. दुकान बंद. दुसऱ्या खोलीतली पोरं क्लासच्या परीक्षेला गेलेली. मुमानी कडुनिंबाखाली बाजेवर पदर तोंडावर घेऊन पडलेली. मी मडकं पोत्यात घातलं आणि जिन्याच्या एकेका पायरीवर टेकवत वर नेलं. ऊन असं होतं की चिमण्याही बोलत नव्हत्या. शेजारचं कुत्रं मात्र सकाळपासून विनाकारण भुंकत होतं, आणि मी वर पोचलो तेव्हा ते गप्प झालं. मला ते बरं वाटलं.

माधवनं पुस्तक मिटलं. कोपऱ्यातल्या तांब्याकडे पाहून मी म्हणालो, "तो खाली ठेवू का? पडंल उगीच."

"ऱ्हाऊ दे. आईला शब्द दिलाय मी. डोक्यावर हात ठिवून घेतलाय तिनं. भांडं पडलं की हातातला घास टाकून बाहीर पळायचं."

"मग मडकं इकडं दाराकडं ठेवतो."

असं करून मी दाराजवळ मडक्यापाशी बसलो आणि तो समोर, मामूंच्या पट्टीच्या भिंतीला पाठ टेकून. दगडाची भिंत गार असते म्हणून तो नेहमी तिथंच बसायचा. मी कॅसेट घातली. "अट माहिती आहे ना?" "हाव. एक अख्खी बाजू. उठायचं न्हाई, बोलायचं न्हाई. लाव."

पहिल्या गाण्याला त्यानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला छताकडे पाहत बसला. तिसरं संथ होतं, आणि त्यात एक खालचा सूर येतो तो इतका लांबतो की आपण आपला श्वास धरून बसतो. तो सूर आला तेव्हा माधवचं बोट मांडीवर हललं. मी न बघितल्यासारखं केलं. मला आजही ते बोट दिसतं. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. कुणालातरी देण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे, हे मला पहिल्यांदा वाटत होतं.

चौथं गाणं सुरू झालं आणि तांब्या थरथरला. मडक्यानं तो मघापासून थरथरतच होता. मग परातीत पडला.

माधव अर्धा उठला. एक हात भुईला, एक गुडघा वर. माझ्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तेवढ्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे.

मी म्हणालो, "बस खाली. ठोक्यानं पडलाय. बाजू संपली न्हाई अजून."

तो हसला. खाली बसला. पाठ पुन्हा भिंतीला टेकवली.

त्यानंतर फार तर चार-पाच ठोके गेले असतील. माधवच्या कपाळावर आठी आली. अट मोडून तो बोलला, "रश्या, लय हलली." मी ऐकलं, आणि खरंच, कधी न चुकणारा तो ठोका ओढल्यासारखा लांबला, परत आखडला. टेप माझ्या हाताखालून सरकत होता. खालून मुमानीची किंकाळी आली. मी पळालो. हेही लिहिलं पाहिजे. ज्याला बस म्हणालो तो बसलेला होता आणि मी जिन्यावर होतो. मागं गोणीतून बटाटे ओतावेत तसा आवाज झाला, आणि दारातून पांढरी माती बाहेर आली.

धक्का लहानच होता. गावात दुसरं काही पडलं नाही. पडले ते त्या भिंतीच्या माथ्यावरचे आठ-दहा दगड. मी परत वर गेलो तेव्हा माधव कुशीवर होता आणि त्याचा उजवा हात कोपरापासून दगडांखाली गेला होता. तो ओरडत नव्हता. मी नखांनी माती उपसली, दगड ढकलले, आणि खालची माणसं वर पोचली तेव्हा त्यांना काय दिसलं, तर रक्ताळलेल्या हातांनी रशीद मित्राला ओढून काढतोय. मडकं फुटलेलं होतं, त्याच्या खापऱ्या दगडांत मिसळल्या होत्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. तांब्या पडला नाही का? पळाला का नाहीत? मी म्हणालो, ऐकू आलं नाही. दवाखान्यात माधवला विचारलं तर तो म्हणाला, झोपलो होतो. आम्ही ठरवलं नव्हतं. तो मला वाचवायला तसं म्हणाला आणि मी स्वतःला वाचवायला. हात वाचला, पण बोटांची हाडं चुरली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि परीक्षेचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

माधवचे वडील किसनराव दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. मी कॉटजवळ उभा होतो. त्यांनी माझ्या हातांना बांधलेल्या चिंध्या पाहिल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू व्हतास म्हणून पोरगं दिसलं, बाबा." मग फडक्यातले धपाटे काढले आणि त्यातले दोन आधी मला दिले. मी ते खाल्ले. कसे गिळले ते मला ठाऊक.

इकडं गावात दुसरंच बोलणं चाललं होतं. मेहबूबनं मातीच्या भिंतीखाली पोरं ठेवली. चीर दिसत होती तरी ठेवली. दुसऱ्या खोलीतल्या पोरांचे बाप येऊन ट्रंका घेऊन गेले. क्लासचे एक सर दुकानात येऊन उभ्यानंच चार शब्द सुनावून गेले आणि मामूंनी मान खाली घालून ऐकून घेतले. ते चहाच्या टपरीवर जायचे बंद झाले. भिंत उतरवली होती, चीर नव्हती, पट्टी नव्हती, तरी सकाळी ते वर जायचे. खाली येऊन काही बोलायचे नाहीत. मुमानी विचारायची नाही. खिचडी ताटात तशीच गार व्हायची. मी रोज ठरवायचो की आज सांगू. सांगितलं की पेटी परत सायकलला बांधली जाईल, उदगीरला गाडी बदलावी लागेल, एवढंच डोळ्यांपुढं यायचं. आणि नाही सांगितलं, तर माझ्यावर छप्पर धरणारा माणूस माझ्या चुकीखाली असाच दबत जाणार, हेही दिसत होतं. भुईचे आवाज त्या आठवड्यात आणखी वाढले होते. की मलाच जास्त ऐकू येत होते, कोण जाणे.

सहाव्या दिवशी भर सकाळी किसनराव दुकानात आले. मामू मागच्या अंगणात लाकडं फोडत होते. किसनराव बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रशीद, एक इचारतो. माझं पोरगं दुपारचं कधीच झोपत न्हाई. ल्हानपणापासून न्हाई."

मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरू लागलो.

"अन् तू म्हणतोस ऐकू आलं न्हाई. तू तर टेपमधली माशी घोंगावली तरी ऐकतोस म्हणं. तुमी दोघंबी खोटं बोलून राहिलेत. राग न्हाई. पर का बोलून राहिलेत, ते मला कळू दे."

मी सांगितलं. सगळं. मडकं, अट, तांब्या, मी काय म्हणालो ते. पळालो ते. सांगताना मी त्यांच्या पायातल्या चपलांकडे पाहत होतो. त्यांनी गुडघ्यावरची टोपी एकदा उलटी केली, परत सुलटी केली. मग म्हणाले, "ती कॅसेट हाय का?"

टेप दगडांखालून चेपून निघाला होता, पण कॅसेट धड होती. "लाव," ते म्हणाले. मला वाटलं ते फोडायला मागतायत. "तीच बाजू लाव. पहिल्यापसून."

मी दुकानातल्या लहान स्पीकरवर लावली. किसनराव ताठ बसून ऐकत होते. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांच्याकडे बघून मागं फिरली. तिसऱ्या गाण्यातला तो लांब सूर आला तेव्हा त्यांचे डोळे मिटले. चौथं लागलं. ते हलले नाहीत. पाचवं, सहावं. बाजू संपून बटण खटकन वर आलं तोपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"वाईट न्हाई," ते म्हणाले. "वाजवणारा पक्का हाय. पर ह्यात उठायला जागा न्हाई. आमच्या भजनात दर चरणाला टाळकरी दम घेतेत. तेवढ्यात माणूस म्हशीला पाणी दावून परत येतंय. हे माणसाला धरून ठिवतं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "माझ्या पोराला आता काई ऐकवू नको. मी राग म्हणून सांगत न्हाई. त्याला आता समदा अभ्यास कानावरच भागवायचा हाय. डाव्या हातानं लिहाया शिकायचंय. त्याचं ध्यान दुसरीकडं नको." उठता उठता थांबले. "मेहबूबभाईला सांगितलंस का?"

"नाही."

"सांग. मी हितं बसतो. तू सांगून ये."

माधवनं पुढच्या वर्षी गावाकडूनच परीक्षा दिली. पुढं तो अहमदपूरला शाळेत शिक्षक झाला. फळ्यावर तो डाव्या हातानं लिहायचा, असं त्याच्या एका विद्यार्थ्यानं मला एकदा सांगितलं. आम्ही दोन-तीनदा भेटलो, लग्नकार्यात, माणसांच्या गर्दीत. गाण्यांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. किसनरावांचा शब्द मी जरा जास्तच पाळला. त्यानंतर मी कुणालाच, स्वतःच्या मुलांनाही, 'हे ऐक' असं म्हटलेलं नाही. इथं नातू कानात इअरफोनची बोंडं घालून बसतो आणि कधीकधी एक बोंड काढून माझ्यापुढं करतो. मी ते घेतो. दाराकडं तोंड करून ऐकतो.

किसनराव दुकानात बसले त्या सकाळी मी अंगणात गेलो तेव्हा मामूंनी लाकडं फोडून पाय धुतले होते आणि ते पुसायला फडकं शोधत होते. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि बोलू लागलो. मुमानी चुलीपुढून उठून दारात आली. मामूंनी मला मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एक पाय पुसला, मग दुसरा. मी पेटी कुठं ठेवली आहे ते आठवत होतो.

"भिंत माझीच होती," ते म्हणाले, मराठीत. "चीर मी रोज पाहत होतो. तू सांगितलंस म्हणून ती दुसऱ्याची होत नाही." मग बाहेर दुकानात जाऊन किसनरावांसमोर उभे राहिले. दोघं बराच वेळ एकमेकांचे हात धरून होते. कोण कुणाची माफी मागत होतं ते मला आतून कळलं नाही. कळावं असंही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंधारातच उठून पेटी भरली. मुमानीनं ती पाहिली. तांबे उतरवले, चूल पेटवली. ताटं मांडली तेव्हा माझं ताट नेहमीच्या जागी, मामूंच्या शेजारी नव्हतं. तिनं ते उंबऱ्याला लागून ठेवलं होतं, पार दाराशी. मी उभाच राहिलो. मला वाटलं, झालं.

तिनं ताटात खिचडी वाढली, वरून खट्टा ओतला, नेहमीपेक्षा जास्त.

"तेरेको ऐकू येत नाही ना," ती म्हणाली. "तर निदान दाराजवळ तरी बस. बैठ. खा."